तीनांतल्या दोन ठेवायच्या

अप्पांनी जेवणाच्या टेबलावर बंदुकांच्या लायसनचं पुस्तक उघडून ठेवलं आणि म्हणाले, "तीन आहेत, दोन राहणार. जाणारी कोणती ते तू सांग. पुढेमागे तुलाच सांभाळायच्यात."

२०२० चा ऑक्टोबर होता. शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलं होतं. १४ डिसेंबर २०१९ ला ती लागू झाली आणि जास्तीचं हत्यार जमा करायला एक वर्ष मिळालं. त्या वर्षातला निम्मा भाग करोनाने खाल्ला. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधून खाली भाजीवाल्यापर्यंत जायला अप्पा दोन मास्क लावायचे, तिथे बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात कोण जाणार? तिसरी माझ्या नावावर करावी असंही मनात येऊन गेलं. वडील सत्तरीपुढे गेले की वारसाला लायसन मिळू शकतं. पण अर्ज, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची चौकशी, एवढं सगळं दोन महिन्यांत? आमच्या हद्दीत तर साधा पत्ता बदलायलाही तेवढे लागतात.

तिन्ही हत्यारं आजोबांची. पहिली बारा बोअरची दुनळी, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची. दुसरी इशापूरच्या कारखान्याची .३१५, हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून भरायची रायफल. तिसरी .३०-०६, विलायती, अक्रोडाच्या लाकडाची. ती आजोबांनी १९६४ साली मुंबईतल्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली होती. मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे, थोडी कलमं आहेत. तिथे डुकरं, भेकरं, एखाद वेळी बिबट्या, असा तो काळ. १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. नंतरची अठ्ठेचाळीस वर्षं तिन्ही हत्यारांनी तेल पिण्यापलीकडे काही केलं नाही. निवडणूक लागली की आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जायची, निकालानंतर परत यायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं की बंदुकांनाही मतदान असतं.

मी महापे एमआयडीसीत क्वालिटीला आहे. एखादी वस्तू मापल्याशिवाय तिच्याबद्दल मत द्यायचं नाही ही सवय. त्यामुळे अप्पांचा प्रश्न आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, तर घरचा डिजिटल व्हर्निअर काढला आणि तिन्हींची एकेक काडतूस टेबलावर मांडली. अप्पा लांबून बघत होते.

पहिला धक्का असा, की नावात लिहिलेलं माप आणि हातात येणारं माप जुळत नाही. .३०-०६ मधला .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश, ७.६२ मिलिमीटर. व्हर्निअर मात्र गोळीवर ७.८ च्या पुढे दाखवतो. कारण नाव पडलंय नळीच्या आतल्या उंचवट्यांच्या मापावरून, आणि गोळी बसते त्यांच्यामधल्या खाचांत, जिथे माप .३०८ इंच. मग .३०८ नावाचं जे वेगळं काडतूस आहे त्याची गोळी? तीही .३०८ च. म्हणजे .३०-०६ आणि .३०८ दोघांची गोळी एकाच जाडीची, फक्त एकाचं पितळी कवच ६३ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याचं ५१. आमच्या कंपनीत कुणी असं ड्रॉइंग पाठवलं असतं तर मी ते लाल शेरा मारून परत पाठवलं असतं.

मग मी रीतसर तक्ता केला. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटरने निघते. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ती गोळी पावणेबारा ग्रॅमची. .३१५ ज्या घराण्यातली आहे ते ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिलिमीटर मॅनलिखर. तिथे २४४ ग्रेनची बोथट गोळी सेकंदाला ६२० मीटरने जायची. जड, पण संथ. दोनशे मीटरच्या पुढे ती चांगलीच खाली पडायला लागते. .३०-०६ मध्ये हवी तर दीडशे ग्रेनची हलकी गोळी घाला, हवी तर २२० ची जड. हरणापासून अस्वलापर्यंत एकाच रायफलीवर भागतं, म्हणून जगभरचे शिकारी गेली शंभर वर्षं "एकच ठेवायची तर ही" म्हणत आले. .२७० म्हणा, ७ मिलिमीटर माउझर म्हणा, सगळ्यांची तुलना शेवटी हिच्याशीच होते. शिकारी जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच ७ मिलिमीटर माउझर, फक्त इंग्रजी नावाने.

तक्त्यात .३०-०६ पहिली आली. दुनळी शेवटी. मी निकाल अप्पांना वाचून दाखवला.

"बरं," ते म्हणाले. "हिच्या गोळ्या किती आहेत?"

"अकरा."

"बाराव्या गोळीचं काय करणार?"

याचं उत्तर माझ्या तक्त्यात नव्हतं.

दिवाळीच्या आधी माझा आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर होता. तो ख्राइस्टचर्चला असतो आणि शिकार करतो, तिकडे ती कायदेशीर आहे. सरकारी जंगलाचा परवाना घ्यायचा आणि जायचं. हरणं तिथली मूळची नाहीत, बाहेरून आणून सोडलेली, आता जंगल खाऊन टाकतात, म्हणून सरकारलाच ती कमी झालेली हवी असतात. गंमत म्हणजे तो ज्याच्या मागे डोंगर चढतो तो थार, म्हणजे एक रानबकरा, हिमालयातला. १९०४ साली तिकडे नेऊन सोडला. आपल्याकडे त्याला हात लावला तर तुरुंग, आणि तिकडे सरकार म्हणतं मारा. मी त्याला विचारलं, सगळ्याला चालेल अशी कोणती?

"माझ्याकडे .३०८ आहे," तो म्हणाला. "पण तुझ्याकडे .३०-०६ असेल तर .३०८ कशाला हवी? गोळी तीच. इथे कुठल्याही दुकानात मिळते. बकऱ्यापासून लाल हरणापर्यंत एकच रायफल. विचार कसला करतोस?"

इथे कुठल्याही दुकानात मिळते. त्याच्या लक्षातही आलं नाही की सगळं वजन त्या वाक्यावर होतं. आपल्याकडे .३०८ सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, कारण ते माप म्हणजे फौजेचं ७.६२, सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीचं काडतूस. .३०३ ची तीच गत. फौजेची गोळी खाजगी बंदुकीत बसू नये, हा नियम इंग्रजांपासूनचा. १९०७ च्या सुमारास त्यांनी .४५० च्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आणली, भीती ही की गोळ्या बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना पोचतील. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५ अशी नवी मापं काढली. म्हणजे कोणती रायफल चांगली हे इथे जनावर बघून कधी ठरलंच नाही. ते सरकारच्या काळजीवर ठरलं. .३१५ आपल्याकडे गावोगाव दिसते त्यामागेही हेच, इथल्या फौजेला ती नको होती.

नोव्हेंबरात दोन्ही रायफली घेऊन मी मुंबईतल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे गेलो. चादरीत गुंडाळलेलं ते लांबोडकं पाहून रिक्षावाल्याने स्टेशनपर्यंत विचार केला आणि उतरताना म्हणाला, "पडद्याचे रॉड दिवाळीनंतर स्वस्त झाले असते."

दुकानदार सत्तरीचा. त्याने आधी लायसन पाहिलं, मग दोन्ही रायफलींचे बोल्ट काढून बाजूला ठेवले, नळी ट्यूबलाइटकडे धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. .३०-०६ ची नळी आतून आरशासारखी. खाचा गोल फिरत जाताना शेवटच्या टोकापर्यंत दिसत होत्या, उजेड त्यांच्यावरून घसरत होता. .३१५ मध्ये मधल्या भागात काळे ठिपके होते, देवीच्या व्रणांसारखे.

"खड्डे पडलेत," तो म्हणाला. "जुन्या काडतुसाच्या टोपीत क्षार असायचा. उडवली की नळीत मीठ बसतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं. तेलाने मीठ जात नाही. कुणीतरी एकदा पाण्याने धुवायचं विसरलंय."

मग मी .३०-०६ ची किंमत विचारली. तो हसला. "रायफल सोन्यासारखी. पण बाहेरच्या गोळ्या मागवायच्या तर भाव ऐकून गिऱ्हाईक पळतं, आणि वर वाट बघा. गोळी नाही त्या बंदुकीला कोण विचारणार? .३१५ चं असं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल येतो, बारा बोअरचाही खडकीचाच. आज नाही तर पुढच्या महिन्यात." त्याने जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही. त्यात चांगला स्मार्टफोनही आला नसता.

परत येताना बसमध्ये माझा तक्ता मला जरा मूर्खासारखा वाटला. जे मोजता येतं तेच मी मोजलं होतं.

घरी आल्यावर अप्पांना खड्ड्यांबद्दल विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकोणसत्तर साल. मी तेवीस वर्षांचा. गणपती झाल्यावर हळव्या भातात डुक्कर आलं होतं, मी .३१५ ने मारलं. पहिलंच. रात्री घरी आलो तेव्हा दोन वाजले होते. तुझ्या आजोबांचा नियम होता, बंदूक उडाली की चहाचं आधण ठेवायच्या आधी बंदुकीचं आधण. उकळतं पाणी, नळीच्या मागच्या तोंडात फनेल, पूर्ण किटली ओतायची, नळी गरम असतानाच फडकं ओढायचं, मग तेल. मी म्हटलं उद्या बघू. शिलाई मशीनचं तेल लावलं आणि झोपलो."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सगळा गाव डुक्कर बघायला. बंदूक कुणाच्या लक्षात राहते? दसऱ्याला पूजेला काढली तेव्हा आजोबांनी नळीत डोळा लावला. मला काही बोलले नाहीत. पण पुढे ती कुणी उडवली की किटली मीच ओतायची, हे न सांगता ठरलं."

रविवारी आम्ही दोघं मुरबाडला काकांकडे गेलो. टोकावडे सोडलं की माळशेजचा डोंगर समोर येतो आणि अप्पांचा आवाज दहा वर्षांनी लहान होतो. काकांसमोर मी पुन्हा .३०-०६ ची बाजू मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, मग मला खळ्याच्या कडेला नेलं.

"इथून डुक्कर दिसलं समज. तिकडे, बांधाजवळ. त्याच्या मागे काय आहे?"

मागे पाडा होता. पंचवीस-तीस घरं, एक अंगणवाडी.

"आणि त्याच्या मागे?"

मुरबाडकडे जाणारा रस्ता.

"तुझी ती गोळी किती लांब जाते?"

नेम चुकला आणि नळी वर असली तर .३०-०६ ची गोळी चार किलोमीटरच्या पलीकडे जाऊन पडू शकते. मला माहीत होतं, तक्त्यात एक रकाना होता त्याचा. तो मी गुणात धरला होता.

"दुनळीत एलजीचं छर्ऱ्याचं काडतूस घाल," काका म्हणाले, "सहा दाणे. चाळीस पावलांवर काम करतात, पुढे जीव जातो त्यांचा. कायद्यालाही ते कळतं. वीस इंचांच्या वर नळी असलेली साधी बंदूक शेतकऱ्याला देताना हात जरा सैल असतो, रायफलीला नाही."

आणि एवढं बोलून झाल्यावर त्यांनी कबूल केलं की गेल्या वीस वर्षांत त्यांनी डुकरावर एकही बार टाकलेला नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळते, पण परवानगी येईपर्यंत डुक्कर भात खाऊन दुसऱ्या गावी गेलेलं असतं. ते सुतळी बॉम्ब लावतात. यंदा सौर झटक्याचं कुंपण केलंय. मग बंदूक कशाला, असं मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

तर असं ठरलं. दुनळी राहणार, .३१५ राहणार, .३०-०६ जाणार. तिन्हींपैकी एकीचाही बार न काढता. कागदावर जी सगळ्यात चांगली होती, आणि नळीतूनही, तीच. .३१५ बद्दल अप्पांनी कारण दिलं की गोळ्या खडकीच्या मिळतात. मी ते कारण मान्य केलं.

जमा करणं म्हणजे एका सकाळचं काम, असं मला वाटत होतं. तीन खेपा झाल्या. कारण पुन्हा मापाचंच. जुन्या पुस्तकात आजोबांच्या काळच्या कुणा कारकुनाने शाईने "३०.०६" लिहिलं होतं. संगणकावर लायसनं चढवली तेव्हा कुणीतरी ते "०.३०६" केलं. आणि रायफलीच्या नळीवर कोरलेलं होतं .३०-०६. टेबलामागचे हवालदार सज्जन होते, पण तीन ठिकाणी तीन आकडे असलेलं हत्यार ताब्यात घेऊन उद्या साहेबांपुढे कोण उभं राहणार?

"यातलं खरं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"नळीवरचं. पॉइंट तीस म्हणजे इंच. आणि शून्य सहा म्हणजे साल. १९०६ साली अमेरिकेच्या फौजेने ते काडतूस घेतलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बोअरमध्ये साल?"

"हो."

"मग ही तीनशे पंधरा म्हणजे १९१५?"

"नाही, ते नुसतं इंच. आठ मिलिमीटर."

"आणि बारा बोअर? बारा इंच तर नसणार."

"एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी नळी. साडेअठरा मिलिमीटर."

हवालदारांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. "ऐकलंत का? एका माणसाच्या घरात तीन बंदुका आणि तिघींची मापं तीन भाषांत." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "हे सगळं अर्जात लिहून द्या. साल वगैरे."

मी लिहून दिलं. कदाचित महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फाइलीत आजही एक पान असेल, ज्यात .३०-०६ चा इतिहास मराठीत आणि खाली अप्पांची सही आहे. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या खेपेला आकडा दुरुस्त झाला, तेव्हा डिसेंबरचा पहिला आठवडा होता.

त्या दिवशी अप्पा स्वतः आले. मी नको म्हटलं होतं. दोन मास्क, वर प्लास्टिकची ढाल, हातात लायसन. हवालदारांनी बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, अकरा गोळ्या टेबलावर उभ्या मांडून दोनदा मोजल्या. पावती लिहायला घेतली. रायफल एक, बोल्ट अॅक्शन, बोअर .३०-०६, नंबर अमुक. "चामडी पट्ट्यासह लिहू?"

पट्टा मुरबाडच्या एका चांभाराने १९६४ साली शिवला होता, रायफल आली त्याच महिन्यात. म्हशीचं जाड कातडं, दोन्ही टोकांना पितळी स्क्रू.

"पट्टा हत्यारात येतो का?" अप्पांनी विचारलं.

हवालदारांनी क्षणभर विचार केला. "लायसनमध्ये लिहिलाय?"

"नाही."

"मग नाही येत."

अप्पांनी तिथेच बाकावर बसून पट्टा सोडवला. स्क्रू अठ्ठेचाळीस वर्षं हलले नव्हते, नखाने निघेनात. शेवटी हवालदारांनी आपल्या ड्रॉवरमधलं नाणं दिलं. पट्टा निघाला तसा लाकडावर त्याच्या खालचा भाग फिकट दिसला, बाकीच्या लाकडापेक्षा कितीतरी नवा.

पुढे माझं लायसन झालं. त्याला आणखी सोळा महिने लागले, ते जाऊ दे. दुनळी आणि .३१५ आता माझ्या नावावर आहेत. कपाट तेच, आत कॅम्फरच्या गोळ्या आणि दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पिशव्या. चामड्याच्या पेटीत हत्यार ठेवायचं नाही, हे मी त्या बंदूकवाल्याकडून शिकलो. चामडं पाणी धरून ठेवतं. पेटी रिकामी पडून असते.

पट्टा .३१५ ला लावावा असं अप्पांच्या मनात आहे. पण तिच्या कड्या अरुंद आहेत आणि पट्टा पाव इंचाने रुंद. काका म्हणतात, दे इकडे, कडेने कापून देतो, दहा मिनिटांचं काम. अप्पा दर वेळी म्हणतात बघू, आणि तो परत कपाटाच्या दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवतात.